बरोबर वेळ कोणाची?

रेल्वेच्या स्थानकावर पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली एक लहानसा आकडा लिहिलेला असतो. तो त्या ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूंपैकी फारच थोड्यांचे तिकडे लक्ष जाते. आणि ज्यांचे जाते, त्यांसही तो आकडा इंजिनियरांच्या कामाचा, आपल्या कामाचा नव्हे, असे वाटते. परंतु त्याच फलाटावर टांगलेल्या घड्याळाशी त्या आकड्याचा काही संबंध आहे, असे कोणी सांगितले तर? संबंध आहे, तो मोजला गेला आहे, आणि त्यावरून 'बरोबर वेळ' या आपल्या नित्याच्या शब्दप्रयोगाचा अर्थ पुन्हा एकदा तपासून पाहावा लागतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. उंचीवर ठेवलेले अणुघड्याळ सखल भागातील अणुघड्याळाच्या पुढे जाते, ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध झालेली आहे. परंतु ते पुढे जाते म्हणून ते चुकते, असे म्हणणे योग्य नव्हे. दोन घड्याळांत फरक दिसला की त्यांपैकी एक चूक असलेच पाहिजे, हा आपला जुना समज आहे. हा समज सोडावा, आणि तो कोठे लागू पडतो व कोठे पडत नाही हे विद्यार्थ्यांस शाळेतच शिकविले जावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम जुन्या घड्याळांचा विचार करू. लंबकाचे घड्याळ पृथ्वीच्या आकर्षणावर चालते. आकर्षण कमी झाले की लंबक सावकाश झुलतो आणि घड्याळ मागे पडते. १६७२ साली फ्रान्सचे ज्योतिर्विद रिशे हे विषुववृत्तानजीकच्या केयेन येथे गेले असता, पॅरिसमध्ये नीट चालणारे त्यांचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. विषुववृत्तापाशी आकर्षण किंचित कमी आहे, हे त्यावरून जगास कळले. आपल्या देशातही या विद्येसाठी मोठे कष्ट उपसले गेले आहेत. १८६५ पासून कॅप्टन बॅसेव्ही यांनी भारताच्या सर्वेक्षणासाठी ठिकठिकाणी लंबक नेऊन आकर्षणाची मोजणी केली. आणि १८७१ साली लडाखच्या उंच पठारावर हेच काम करीत असता, तेथील थंडी आणि विरळ हवा न सोसून त्यांचा अंत झाला. लंबकाचे घड्याळ डोंगरावर मागे पडते, हे अशा रीतीने सर्वमान्य झाले. येथे 'घड्याळ चुकले' असे म्हणणे रास्तच आहे. कारण जागा बदलल्याने यंत्राची चाल बिघडली. पुन्हा नीट चालविण्यासाठी लंबकाची लांबी कमी करावी लागते.

अणुघड्याळाची गोष्ट निराळी. त्यात लंबक नाही आणि कमानही नाही. सीझियम या धातूच्या अणूची स्वाभाविक कंपने मोजून ते वेळ सांगते. असे पहिले भरवशाचे घड्याळ १९५५ साली इंग्लंडात टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत एसेन आणि पॅरी यांनी तयार केले. पुढे १९६७ साली सेकंदाची व्याख्याच बदलण्यात आली. पृथ्वीच्या फिरण्यावरून सेकंद ठरविण्याचे सोडून, सीझियमच्या ९१९ कोटी २६ लक्ष ३१ हजार ७७० कंपनांस लागणारा काळ म्हणजे एक सेकंद, असे ठरले. सीझियमचा अणू दिल्लीस जसा, तसाच डोंगरावर. त्यात झिजण्यासारखे काही नाही व सैल पडण्यासारखेही काही नाही. मग उंचीचा त्यावर परिणाम होण्याचे कारण काय, असे कोणासही वाटेल.

परिणाम होतो, हे आइन्स्टाइन यांनी असले घड्याळ अस्तित्वात येण्यापूर्वी जवळजवळ अर्धशतक, म्हणजे १९०७ सालीच, निव्वळ विचाराने ओळखले होते. तो विचार कठीण गणिताशिवायही समजण्यासारखा आहे. वरून सोडलेला दगड खाली येताना अधिकाधिक जोर धरतो. प्रकाशाचेही तसेच आहे. त्याचा वेग वाढत नाही. पण खाली येताना त्याची ऊर्जा वाढते, आणि ऊर्जा वाढली की त्याची कंपनसंख्या वाढते. आता अशी कल्पना करावी की, डोंगरमाथ्यावरील घड्याळ प्रत्येक ठोक्यासरशी प्रकाशाची एक लाट खाली धाडीत आहे. वाटेत एकही नवी लाट जन्मास येत नाही आणि एकही गहाळ होत नाही. असे असून पायथ्याशी उभा असलेला मनुष्य आपल्या घड्याळाच्या एका सेकंदात लाटा मोजू लागला, तर त्यास त्या थोड्या जास्त भरतात. याचा अर्थ एकच होऊ शकतो: माथ्यावरील घड्याळ पायथ्याच्या घड्याळापेक्षा अधिक ठोके देत आहे. माथ्यावरचा काळच किंचित जलद चालला आहे.

हा केवळ तर्क राहिला नाही. हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेब्का या दोघा शास्त्रज्ञांनी १९५९-६० साली साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात गॅमा किरण सोडून कंपनसंख्येतील हा बदल पकडला. त्यानंतर खुद्द घड्याळेच डोंगरावर चढविण्यात आली. इटलीत तुरीन शहर आणि आल्प्स पर्वतातील प्लातो रोझा हे उंच ठिकाण, या दोहोंत सुमारे सव्वातीन हजार मीटरचे अंतर आहे. या दोन ठिकाणच्या अणुघड्याळांची तुलना करणाऱ्या प्रयोगाचे निष्कर्ष १९७७ साली प्रसिद्ध झाले. वरचे घड्याळ दिवसाला सुमारे ३४ नॅनोसेकंदांनी पुढे जात होते. सिद्धांताप्रमाणे ते ३१ च्या आसपास जावयास हवे होते. प्रयोगातील मर्यादा लक्षात घेता हा मेळ चांगलाच म्हटला पाहिजे. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग. पुढे यंत्रे इतकी सुधारली की, २०१० साली अमेरिकेत अवघ्या ३३ सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे जिन्याच्या दोन पायऱ्यांइतका, फरक घड्याळांवरून ओळखता आला. २०२० साली टोकियोच्या उंच मनोऱ्यात ४५० मीटरवर घड्याळ नेऊन हीच पडताळणी अधिक काटेकोरपणे झाली. आणि २०२२ साली तर एक मिलिमीटर उंचीतील फरक दिसून आल्याचे प्रसिद्ध झाले.

हे सर्व परदेशातील झाले. आपल्या परिसरास ते लावून पाहू. आमचे लोधीखेडा हे नागपूरचे मैदान आणि छिंदवाड्याचे पठार यांच्या दरम्यान वसलेले आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, तर घाट चढून गेल्यावर लागणारे छिंदवाडा सुमारे ६७५ मीटर. या दोहोंतील फरक ३६५ मीटरांचा आहे. हिशेब केला तर छिंदवाड्यातील अणुघड्याळ नागपुरातील घड्याळाच्या दिवसाला सुमारे साडेतीन नॅनोसेकंद पुढे जाईल. वर्षभरात हा फरक सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाहून थोडा अधिक भरेल, आणि पुरता एक सेकंद साठावयास सुमारे आठ लक्ष वर्षे लागतील. याउलट तोच घाट लंबकाचे घड्याळ घेऊन चढले, तर निव्वळ उंचीमुळे ते दिवसाला काही सेकंदांनी मागे पडेल. एकाच चढणीवर एक घड्याळ मागे पडते आणि दुसरे पुढे जाते! हा विरोध विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा, अशी आमची विनंती आहे. 'गुरुत्वाकर्षणाचा घड्याळावर परिणाम होतो' एवढे एक वाक्य पाठ करणाऱ्यास या दोन गोष्टी एकच वाटतील. वस्तुतः त्या अगदी भिन्न आहेत.

भेद असा. लंबकास पृथ्वीची ओढ किती आहे याच्याशी कर्तव्य असते. अणुघड्याळाच्या बाबतीत त्या जागी ओढ किती यास महत्त्व नाही. पृथ्वीच्या आकर्षणाच्या खोलगटात ते किती खाली बसले आहे, यास महत्त्व आहे. विहिरीच्या तळाशी बसलेल्या मनुष्यास बाहेर येण्यासाठी किती चढावे लागेल, तसा हा हिशेब आहे. शास्त्रात यास गुरुत्वीय विभव म्हणतात. पृथ्वीच्या अगदी मध्यबिंदूशी ओढ शून्य असेल, कारण तेथे सर्व बाजूंची ओढ सारखी होऊन परस्परांस छेदून जाईल. तेथे लंबक झुलणारच नाही. पण तेथून बाहेर येण्याची चढण सर्वांत मोठी. म्हणून तेथील काळ पृष्ठभागावरील काळापेक्षा मंद चालतो. पृथ्वीच्या जन्मापासूनचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे, त्याप्रमाणे पृथ्वीचा गाभा पृष्ठभागाहून सुमारे अडीच वर्षांनी लहान भरतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. छिंदवाड्याचे घड्याळ नागपूरच्या पुढे गेले. बरोबर कोणते? आमचे उत्तर असे की, दोन्ही बरोबर. छिंदवाड्यातील अणूंनी जेवढी कंपने केली तेवढीच तेथील घड्याळाने मोजली. नागपूरच्या घड्याळानेही तेच केले. कोणाचीही मोजणी चुकलेली नाही. केवळ घड्याळच नव्हे, तर त्या जागी घडणारी प्रत्येक गोष्ट, वनस्पतीची वाढ आणि मनुष्याच्या नाडीचे ठोके धरून, त्याच प्रमाणात जलद चालते. जो आपल्या जागेचा काळ प्रामाणिकपणे सांगतो, त्यास चुकीचा ठरविणे हा अन्याय होय.

यावर कोणी म्हणेल की, प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असेल, तर 'अचूक' या शब्दास अर्थ तो काय उरला? गाड्या कशा चालाव्या आणि व्यवहार कसा व्हावा? आक्षेप योग्य आहे. आणि त्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी फार शहाणपणाने दिले आहे. त्यांनी कोणत्याही घड्याळास चूक न ठरविता सर्वांनी मिळून एक पातळी मान्य केली. ती पातळी समुद्रसपाटीची. जगातील चारशेंहून अधिक अणुघड्याळांवरून आंतरराष्ट्रीय काळ ठरविला जातो. आणि १ जानेवारी १९७७ पासून, प्रत्येक घड्याळ किती उंचीवर आहे हे पाहून, समुद्रसपाटीवर ते किती ठोके देते असा हिशेब करून मगच ते सर्वांत मिळविले जाते. अमेरिकेतील बोल्डर येथील घड्याळे सुमारे १६५० मीटर उंचीवर आहेत, त्यामुळे ती वर्षाला सुमारे पाच मायक्रोसेकंदांनी पुढे जातात. तेवढे वजा करून त्यांची साक्ष नोंदविली जाते. समुद्रसपाटीची निवडही मौजेची आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, आणि तेथे तिचा फिरण्याचा वेगही अधिक आहे. या दोन गोष्टी परस्परांस अशा तोलतात की, समुद्रसपाटीवर ठेवलेली सर्व घड्याळे, ती विषुववृत्तावर असोत वा ध्रुवावर, एकाच गतीने चालतात. पाण्याने आपली पातळी शोधली, तीच काळाचीही पातळी ठरली.

अशी तडजोड आपल्या लोकांस नवी नाही. जुन्या काळी गावोगावची वेळ तेथील सूर्यावरून ठरे. भारताची प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून सुमारे ३९ मिनिटे मागे होती, आणि तेथील महापालिकेने ती १९५५ सालापर्यंत सोडली नाही. प्रमाण वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरील. आमचे गाव त्याच्या पश्चिमेस, त्यामुळे सरासरी पाहता आमच्या माथ्यावर सूर्य येतो तो घड्याळात बारा वाजून गेल्यावर सुमारे चौदा मिनिटांनी. म्हणून कोणी लोधीखेड्याचा सूर्य उशिरा येतो असे म्हणत नाही. मात्र येथे एक सावधगिरी हवी. सूर्यावरून पडणारा हा फरक केवळ बारा कोठे म्हणावयाचे याचा आहे. त्यात घड्याळाची चाल बदलत नाही. उंचीमुळे पडणारा फरक हा चालीतलाच आहे, आणि म्हणून तो दिवसेंदिवस साठत जातो. तथापि दोहोंतील धडा एकच: आपापली वेळ खरी असूनही सर्वांसाठी एक वेळ ठरवावी लागते, आणि ती ठरविणे म्हणजे इतरांस खोटे ठरविणे नव्हे.

दुसरा आक्षेप आमच्या घरांतूनच ऐकू येतो. संत्र्याच्या आणि कपाशीच्या मुलखातील मुलांस सेकंदाच्या अब्जाव्या भागाशी काय करावयाचे आहे? आम्ही म्हणतो, पुष्कळ करावयाचे आहे. मोसमात संत्री भरून परगावी निघालेल्या मालमोटारीचा चालक आज भ्रमणध्वनीवर रस्ता पाहतो. तो रस्ता दाखविणारे अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. उंचीमुळे त्यांची घड्याळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. वजाबाकी केली की ३८ मायक्रोसेकंद उरतात. प्रकाश एवढ्या अवधीत अकरा किलोमीटरहून अधिक अंतर तोडतो. हा फरक हिशेबात धरला नसता, तर एका दिवसातच लोधीखेड्याचा मुक्काम दुसऱ्याच गावी दिसू लागला असता.

आपल्या देशाने 'नाविक' नावाची स्वतःची उपग्रहमाला उभारली आहे. ती सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने तेथील घड्याळे दिवसाला सुमारे ४६ मायक्रोसेकंदांनी पुढे जातात. २०१३ साली सोडलेल्या तिच्या पहिल्याच उपग्रहातील तीनही घड्याळे परदेशी होती, आणि पुढे ती तीनही बंद पडली. घड्याळ पुढे जाणे आणि घड्याळ बंद पडणे यांत केवढे अंतर आहे पाहा! पहिल्यास हिशेब पुरतो. दुसऱ्यास हिशेब पुरत नाही, स्वतः घड्याळ करण्याची विद्या लागते. ती विद्या आपल्या लोकांनी मिळविली. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात तयार झालेले रुबिडियम घड्याळ घेऊन २९ मे २०२३ रोजी एक नवा उपग्रह गेला. जमिनीवरही असेच काम चालू आहे. भारताची प्रमाण वेळ राखण्याचे काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. आणि ती वेळ देशभर पोहोचविण्यासाठी अहमदाबाद, बंगलोर, भुवनेश्वर, फरिदाबाद व गुवाहाटी या पाच ठिकाणी अणुघड्याळे बसविण्याची योजना हाती घेण्यात आली आहे. बंगलोर सुमारे ९०० मीटर उंच, तर भुवनेश्वर समुद्राच्या जवळ. या दोन ठिकाणची घड्याळे आपापल्या चालीने सोडून दिली, तर दिवसाला सुमारे आठ नॅनोसेकंदांनी दूर जातील. त्यांस एकत्र ठेवावयाचे, तर प्रत्येकाची उंची ठाऊक हवी. स्थानकावरील त्या लहान आकड्याचे मोल येथे कळते.

म्हणून आम्हांस शाळांकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. पहिली, प्रत्येक शाळेच्या दाराशी तिची समुद्रसपाटीपासूनची उंची, अक्षांश आणि रेखांश कोरलेले असावे. मुलांस जगाच्या नकाशावरील नद्या व राजधान्या पाठ असाव्या आणि आपण स्वतः कोठे उभे आहोत हे ठाऊक नसावे, हे बरे नव्हे. दुसरी, लंबकाचा प्रयोग केवळ गुणांसाठी उरकला जाऊ नये. दोरा, गोटी आणि मनगटी घड्याळ यांवर तो होतो. तो झाल्यावर शिक्षकांनी त्याच तासाला अणुघड्याळाची गोष्ट सांगावी आणि एक मागे का पडते, दुसरे पुढे का जाते, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विज्ञानाच्या वहीत ठरलेल्या आकड्याहून वेगळा आकडा आला की तो खोडून पुस्तकातील आकडा लिहिण्याची खोड पुष्कळ ठिकाणी दिसते. ती मोडली पाहिजे. वेगळा आकडा आला तर प्रथम विचारावे: यंत्र बिघडले, हात चुकला, की जागाच वेगळी आहे? रिशे यांनी मागे पडणारे आपले घड्याळ निमूटपणे जुळवून घेऊन ती गोष्ट लपविली असती, तर आकर्षण सर्वत्र सारखे नाही हे कळण्यास जगास आणखी किती काळ लागला असता?

फरक दिसला की त्याची लाज वाटू नये व त्याची फुशारकीही मारू नये. तो मोजावा, त्याचे कारण शोधावे, आणि मग सर्वांच्या मान्य पातळीवर आणून तो सांगावा. अणुघड्याळांनी जगास हीच रीत घालून दिली आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत या विषयावर कदाचित एकच प्रश्न येईल: उंचीवर घड्याळ जलद चालते की मंद? आमच्या वर्गबंधूंनी आणि भगिनींनी उत्तर लिहिण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे की, कोणते घड्याळ, आणि कोणाच्या तुलनेने. हे दोन प्रश्न विचारता आले, तर तो विषय समजला असे आम्ही म्हणू.